मुलाणीसाहेब आणि दोन गाड्या

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात गाडी घेणं हे भलतंच अवघड काम आहे. पैशांचं म्हणाल तर कर्ज द्यायला बँका टपूनच बसलेल्या असतात. अवघड अशासाठी, की इथं दर दोन घरांआड गाडीचा एखादा तुकडा बनवणारा माणूस राहतो आणि त्याला अख्ख्या गाडीत फक्त आपला तुकडा दिसतो. माझे मेहुणे पेंट शॉपमध्ये आहेत. कोणी नवी गाडी आणून हौसेने पेढा पुढे केला, की ते पेढा तोंडात टाकतात, बॉनेटकडे तिरकी मान करून बघतात आणि "रंग सपाट नाही बसलेला" असं सांगून मोकळे होतात. आकुर्डीच्या आमच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका आयुष्यभर ब्रेकच्या कारखान्यात होते. ते गाडीच्या तोंडाकडे बघतच नाहीत, थेट चाकापाशी उकिडवे बसतात. या लोकांचं ऐकत बसलं तर माणूस जन्मभर बसनेच फिरेल.

मुलाणीसाहेब रबरातले होते.

चाकणच्या ज्या कंपनीत मी नोकरीला आहे, तिथे गाडीच्या दाराभोवतीची रबरी पट्टी बनते. दार बंद केलं की ती दबते आणि धूळ, पाणी, आवाज बाहेर ठेवते. लोक तिला बीडिंग म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. मुलाणीसाहेब तिथे क्वालिटीचे प्रमुख होते आणि मी नवीन मॉडेलच्या विभागात. म्हणजे एखादी गाडी बाजारात यायच्या आठ-दहा महिने आधी तिच्या दाराचं ड्रॉइंग माझ्या टेबलावर येतं. ते कोणाला दाखवायचं नाही, त्याबद्दल बोलायचं नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलेलं आहे. मी हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या एका गोष्टीतून झालं.

उंच, सडसडीत माणूस. कंपनीचा निळा शर्ट घरून कडक इस्त्री करून आणणारे अख्ख्या प्लान्टमध्ये ते एकटे. दाढी पांढरी आणि बारीक कातरलेली. बोलणं हळू, आणि मधेच थांबून समोरच्याकडे असं बघायचे की आपण काहीतरी चुकीचं मोजलंय असं उगीचच वाटायचं. गाव माण तालुक्यातलं. तीस वर्षं काळेवाडीत काढूनही रागावले की "न्हाई" आणि "हाय" बाहेर यायचं. एरवी मात्र अगदी शुद्ध, फायलीतलं मराठी.

मी नवा असताना एकदा आमचं कडकपणा मोजायचं यंत्र बिघडलं. गाडी भरायची वेळ झालेली, ड्रायव्हर बोंबलतोय. मुलाणीसाहेब आले, पट्ट्यांवरून अंगठा दाबत गेले आणि सतरा पट्ट्या बाजूला काढल्या. "बाकी जाऊ द्या." दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्त झाल्यावर मी मुद्दाम, काहीशा खोडसाळपणाने, त्या सतरा पट्ट्या तपासल्या. सगळ्या नापास. मी हे त्यांना कौतुकाने सांगायला गेलो तर म्हणाले, "सावंत, तुम्ही माझ्या अंगठ्याची तपासणी करत होता. रबराची कधी करणार?" त्या दिवसापासून मी त्यांच्या पंक्तीला जेवायला बसायला लागलो.

त्यांची दोन वाक्यं सगळ्या कंपनीला पाठ होती. एक, "रबर खोटं बोलत नाही." आणि दुसरं, "पहिला लॉट दुसऱ्यांसाठी." या दुसऱ्या वाक्याचा अर्थ असा, की कुठलीही नवीन गाडी बाजारात आली की पहिलं वर्षभर तिला हात लावायचा नाही. पहिल्या लॉटमध्ये काय काय चुकतं, कुठे फट राहते, कुठला तुकडा घाईने पास होतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्यात चूक काहीच नव्हती.

साहजिकच कोणी गाडी घ्यायला निघालं की आधी त्यांच्याकडे यायचं. वॉचमनपासून प्लान्टहेडपर्यंत. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी बाहेर उभं राहून दार लावायचे, मग आत बसून लावायचे. चारही दारं, म्हणजे आठ वेळा. मग टेस्ट ड्राइव्हला मागच्या सीटवर मधोमध बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. सेल्सवाला पुढून सांगत असायचा, स्क्रीन किती इंचांचा, छत कसं उघडतं. मुलाणीसाहेब डोळे मिटूनच हात वर करायचे, म्हणजे गप्प बस. मोशीजवळच्या खडबडीत रस्त्यावर गाडी न्यायला लावायचे आणि परत आल्यावर एकच शब्द सांगायचे, "घ्या" किंवा "नको". माझी पहिली छोटी गाडी, सेकंडहँड, अशीच त्यांच्या एका "घ्या"वर घेतलेली. ती आजही चालते आहे.

इतक्या लोकांच्या गाड्या ठरवून देणाऱ्या या माणसाकडे स्वतःची गाडी नव्हती. सकाळी काळेवाडी फाट्यावर कंपनीच्या बससाठी उभे असायचे. आम्ही चेष्टा केली की म्हणायचे, "मला कुठं जायचंय? कंपनी आणि घर. दोन्हीकडे बस जाते."

जायचं त्यांना नव्हतं. जायचं होतं शमीमभाभींना.

भाभींना मी पहिल्यांदा पाहिलं ते ईदला. दोन खोल्यांचं घर, पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी, त्यात पुदिना आणि गवती चहाच्या कुंड्या. भाभी गोलमटोल, बडबड्या, आणि नवऱ्याच्या अगदी उलट कमालीच्या घाईच्या. मुलगा नोकरीसाठी दूर दक्षिणेत गेलेला, घरात दोघंच. भाभींचे गुडघे गेले होते. जिना उतरताना एकेक पायरी बाजूने, कठडा धरून उतरायच्या. एसटीची पायरी चढणं तर सुटलंच होतं. आणि त्यांची एकुलती एक मोठी बहीण, आपा, म्हसवडच्या पुढच्या एका गावात, खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेली. आईमागे त्याच बहिणीने त्यांना वाढवलेलं. फोनवर रोज बोलणं व्हायचं, पण समोरासमोर भेटून वर्षं झाली होती.

"एक गाडी भाड्यानं करा आणि जाऊन या की," मी सहज म्हणालो होतो.

"भाड्याच्या गाडीत नगं वाटतं, भाऊ," भाभी म्हणाल्या. "ड्रायव्हर घड्याळ बघतो. मला उतरायला येळ लागतो, चढायला येळ लागतो. लोणंदला रसाचं दुकान हाय, तिथं उतरायचंय. फलटणला उतरायचंय. कुणी घाई केली की माझे गुडघे जास्तच दुखत्यात."

आणि मुलाणीसाहेब बशीत शिरखुर्मा ओतता ओतता म्हणाले, "आपली गाडी घेतोच आहे ना. मग सावकाश जाऊ." त्यात टाळाटाळ नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. ते खरंच घेणार होते. पैसे बाजूला काढून ठेवलेले होते. फक्त ठरायचं होतं.

गाडी कुठल्या प्रकारची हे मात्र भाभींच्या गुडघ्यांनी ठरवून टाकलं होतं. साधी बुटकी गाडी नको, कारण तिच्यात खाली बसावं लागतं आणि उठताना जीव जातो. मोठी जीपसारखीही नको, कारण तिच्यात चढावं लागतं. हल्ली ज्या मधल्या उंचीच्या छोट्या एसयूव्ही निघाल्यात, तीच नेमकी. आणि त्यातही दोनच. चाकणच्या चौकाच्या अलीकडे एका कंपनीचा कारखाना आहे आणि पलीकडे तिच्या प्रतिस्पर्ध्याचा. दोघंही आमचे गिऱ्हाईक. आमच्या प्लान्टमध्ये त्यांची नावं कोणी घेत नाही, "अलीकडचे" आणि "पलीकडचे" असंच म्हणतात. दोघांच्याही छोट्या एसयूव्हीला बीडिंग आमचंच. त्यामुळे मुलाणीसाहेबांना या दोन्ही गाड्या सख्ख्या पुतण्यांसारख्या ओळखीच्या होत्या, आणि पुतण्यांमध्ये डावं-उजवं करायचं म्हणजे काय ताप असतो ते आपल्याला माहीत आहे.

दर रविवारी हे दांपत्य रिक्षा करून शोरूमला जायचं. एक रविवार अलीकडची, एक रविवार पलीकडची. मुलाणीसाहेब खिशातून मोजपट्टी काढून जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजायचे. मग घरच्या पलंगाची उंची आठवायचे, कारण त्या पलंगावरून भाभींना हात न टेकता उठता यायचं. अलीकडचीची सीट पलंगाएवढी, पण दाराखालचा उंबरा रुंद, पाय लांब टाकावा लागे. पलीकडचीचा उंबरा अरुंद, सीट मात्र बोटभर खाली. शोरूममधले लोक आधी हसायचे, मग सवयीचे झाले. पलीकडच्या शोरूममधली एक मुलगी भाभींना लांबूनच बघून चहा सांगायची.

एका रविवारी मीही बरोबर होतो. मुलाणीसाहेब त्यांच्या आठ दारांच्या कार्यक्रमात गुंतलेले, भाभी मागच्या सीटवर ऐसपैस बसलेल्या. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. शेवटी भाभींनी पिशवीतून डबा काढला आणि शोरूममधल्या त्या चकचकीत गाडीत मला कांद्याच्या पातीची भाजी आणि भाकरी वाढली. मुलाणीसाहेबांच्या डोक्याला हात. भाभी म्हणाल्या, "आवो, गाडीत बसायचं हाय का गाडीची तब्येत बघायचीय? मी तर इथंच संसार मांडते आता." चहावाली मुलगी हसून हसून कोलमडली. मुलाणीसाहेबही हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना नंतर पाहिलं नाही.

दुसरी अडचण गेटची. हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. आमच्या पट्ट्यात तुम्ही गिऱ्हाइकाच्या कारखान्यात मीटिंगला गेलात आणि तुमची गाडी त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची असली, तर वॉचमन तुम्हाला आत सोडतो, गाडीला नाही. गाडी बाहेर रस्त्यावर, टपऱ्यांपाशी. एकदा मी आणि मुलाणीसाहेब माझ्या त्या सेकंडहँड गाडीतून अलीकडच्यांकडे तपासणीला निघालो होतो. बीडिंगच्या नमुन्यांची दोन भेंडोळी बरोबर. गाडी निघाली पलीकडच्यांच्या बनावटीची. झालं. ऐन दुपारी, गळ्यात रबराची भेंडोळी अडकवून आम्ही दोघं गेटपासून ऑफिसपर्यंत चालत गेलो. पोचलो तेव्हा साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं होतं. मी वैतागून वॉचमनच्या नावाने खडे फोडत होतो. मुलाणीसाहेब म्हणाले, "मी अंतर मोजलं. अलीकडच्यांकडे गेटपासून ऑफिस लांब आहे, पलीकडच्यांकडे जवळ. म्हणजे घ्यायची झाली तर अलीकडच्यांची घ्यावी. तिथं आत नेता येईल आणि पलीकडे थोडंच चालावं लागेल."

"साहेब, तुम्ही गाडी भाभींसाठी घेताय की ऑडिटसाठी?"

ते चालता चालता थांबले. "खरं आहे," म्हणाले. "गेटचा हिशेब काढून टाकू."

असं एकेक करून त्यांनी बरंच काढून टाकलं. आणि पंचमीच्या पुढच्या शनिवारी कँटीनमध्ये, ताट पुढ्यात घेऊन, कोणालातरी मुलीचं लग्न ठरल्याचं सांगावं तशा आवाजात ते मला म्हणाले, "ठरलं. पलीकडची. बोटभर खाली आहे तर तिथं उशी घालू, उंबरा तर बदलता येणार नाही. उद्या अकरा वाजता बुकिंग. शमीमनं नवा दुपट्टा काढून ठेवलाय."

मी त्यांचं अभिनंदन करून वरणभात खायला हवा होता. तेवढंच माझं काम होतं.

पण त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर पलीकडच्यांचं नवीन ड्रॉइंग आलं होतं. तीच गाडी, पुढचं मॉडेल. दार मोठं केलेलं, उघडायचा कोन वाढवलेला, आणि सीट वर घेतलेली. मी इकडे तिकडे बघितलं, पुढे वाकलो आणि म्हणालो, "साहेब, मी काही बोललो नाही असं समजा. पण थोडं थांबा."

त्यांचा घास हातातच राहिला. "दार?"

मी मान हलवली.

"उंबरा?"

"तोच. पण सीट वर आहे. नेमकी तुम्हाला हवी तेवढी."

"किती महिने?"

"आठ. फार तर दहा."

मी हे का सांगितलं, याचा मी त्यानंतर पुष्कळदा विचार केला आहे. त्यांचं भलं व्हावं असं वाटत होतं, हे खरं. पण त्याहून खरं असं, की ज्या माणसाच्या अंगठ्यापुढे माझं यंत्र हरलं होतं, त्याला ठाऊक नसलेलं काहीतरी मला ठाऊक होतं आणि ते मला पोटात ठेववेना. मला तो क्षण आवडला होता. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला हवी होती. लिहून दिलेला नियम मोडला त्याची मला फारशी लाज वाटत नाही. या बाकीच्याची वाटते.

दुसऱ्या दिवशी ते शोरूमला गेले नाहीत. आणि एकदा का नवीन गाडी येणार म्हटल्यावर दुसरं गणित आपोआप सुरू झालं. नवीन मॉडेल म्हणजे पहिला लॉट. पहिला लॉट तर दुसऱ्यांसाठी. म्हणजे आठ महिने आणि वर वर्षभर. मधल्या काळात अलीकडच्यांचंही ड्रॉइंग बदलणार, हेही त्यांना कळत होतंच, कारण एकाने बदललं की दुसरा बदलतो. साधा माणूस शोरूममध्ये जे उभं आहे त्यातलं एक निवडतो. आम्ही मात्र अजून न बनलेल्या गाडीशी बाजारातल्या गाडीची तुलना करतो, आणि न बनलेली नेहमीच चांगली असते. ती कागदावर असते, तिच्या दारात कधी पाणी शिरत नाही.

पुढच्या ईदला मी गेलो तेव्हा भाभी जिना उतरायच्या बंद झाल्या होत्या. भाजी गॅलरीतून दोरीला पिशवी सोडून घ्यायच्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. पहिला प्रश्न, "भाऊ, तुमची ती गाडी कवा येणार?"

तुमची, म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच वाटत होतं की ती गाडी मी बनवतोय आणि माझ्या हातात आहे.

"येईल, भाभी. तारीख जरा पुढे गेलीय."

तारीख जरा नव्हे, दोनदा पुढे गेली होती. आमच्या धंद्यात ती जातेच. मी मुलाणीसाहेबांना एकदा म्हणालोही, "साहेब, आत्ताची घेऊन टाका. नाहीतर माझ्या गाडीतून जाऊन येऊ." ते म्हणाले, "इतकं थांबलो, आता चार महिन्यांसाठी कशाला? आणि तुमच्या गाडीत ती बसली तर उठायची कशी?" मग मोजपट्टीचा आकडा सांगितला. तो बरोबर होता. मीही जास्त ताणून धरलं नाही. ताणायला हवं होतं. सीटवरून दोघांनी हात देऊन उठवता आलं असतं, हे त्यांना सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

त्या थंडीत, एका सकाळी अकराच्या सुमारास, भाभी पोळ्या लाटता लाटता छातीला हात लावून खाली बसल्या. शेजारच्यांनी फोन केला. मुलाणीसाहेब तेव्हा लाईनवर होते. मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन निघालो. कुरुळीपाशी फोन आला आणि त्यांनी तो ऐकून शांतपणे खिशात ठेवला. "सावकाश चालवा आता," एवढंच म्हणाले.

आपा आली. म्हणजे आणली. भाच्याने गावातून भाड्याची जीप केली आणि मागच्या सीटवर गादी टाकून तिला आडवी निजवून आणलं. मगरिबच्या, म्हणजे दिवस मावळतानाच्या नमाजाच्या आधी पोचली. चार जणांनी तिला गादीसकट उचलून वर नेलं, मग तिने बहिणीचं तोंड पाहिलं. मी खाली जिन्यापाशी पुरुषांमध्ये उभा होतो. त्या भाड्याच्या जीपकडे बघायचं मी टाळत होतो आणि मुलाणीसाहेब मात्र तिच्याकडेच बघत उभे होते. त्या जीपमध्ये, त्या गादीवर, कोणीही कुठूनही कुठेही जाऊ शकलं असतं, हे त्यांना तेव्हा दिसलं असणार. माणूस मोजण्यात हुशार होता.

चार महिन्यांनी पलीकडच्यांच्या नव्या मॉडेलचं काम सुरू झालं. बीडिंगचा पहिला लॉट मुलाणीसाहेबांनीच पास केला. अंगठा फिरवला, सही केली, शर्टाला पेन लावलं. पलीकडच्यांनी पहिली गाडी लाईनवरून उतरताना बघायला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं, लाडू होते, फुगे होते. सगळे गेले. हे गेले नाहीत. बस सुटायच्या जागी सावलीत बसून राहिले.

तिथून परतल्यावर मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि जे बोलायचं होतं ते बोललो. त्या शनिवारी मी तोंड उघडलं नसतं तर भाभी आपाला भेटून आल्या असत्या, एकदा सोडून दहादा. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही बोलला नसता तर मी दुसरं कारण शोधलं असतं, सावंत. मला चांगलं घ्यायचं होतं. तिला नुसतं जायचं होतं. मी तिला एकदाही विचारलं न्हाई, की तुला यातली कुठली आवडली."

हे त्यांनी मला हलकं करण्यासाठी म्हटलं, असं मला अजूनही वाटतं. मी काही हलका झालो नाही. मी म्हणालो, "मी तुम्हाला आपाकडे घेऊन जातो." त्यांनी मान हलवली. नको.

मग ते निवृत्त झाले. निरोप समारंभात कोणीतरी भाबडेपणाने विचारलं, "साहेब, आता तरी गाडी घेणार ना? कुठली?" सगळे हसले. ते उठून हात धुवायला गेले. नंतर त्यांचा फोन फारसा लागायचा नाही. लोकांनी गाड्यांबद्दल त्यांना विचारणं सोडलं, कारण विचारलं की ते म्हणायचे, "कुठलीही घ्या", आणि या उत्तरासाठी कोण कशाला येईल?

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका गुरुवारी, त्यांनी आपणहून फोन केला. "सावंत, रविवारी मोकळे आहात का? जाऊन येऊ म्हणतो."

आठ वाजता काळेवाडीतून निघालो. माझी तीच बुटकी गाडी. ते पुढे बसले, दार एकदाच लावलं. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, नीरा. लोणंद आलं तसे म्हणाले, "रसाचं दुकान बघा कुठं दिसतं का." दुकान सापडलं. दोन ग्लास सांगितले. त्यांनी आपला ग्लास हातात धरला आणि अर्धा पिऊन ठेवून दिला. फलटणलाही थांबलो. तिथं कशासाठी थांबायचं होतं, हे भाभींनी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही एसटी स्टँडसमोर दहा मिनिटं नुसते उभे राहिलो आणि परत गाडीत बसलो. पुढे माळ लागला, मेंढरं लागली, रस्ता चांगला होता.

आपाचं घर गावाच्या टोकाला. ओसरीत खाट टाकलेली आणि तिच्यावर आपा, पाठीला उशी लावून बसलेली. भाभींचंच नाक, भाभींचेच गाल, फक्त वाळलेले. मुलाणीसाहेबांनी वाकून सलाम केला. तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. भाच्याची बायको पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मी चपला काढून पायरीवरच बसलो.

"कवा निघाला व्हता?" आपाने विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं, साधंच.

"सकाळी आठला."

आपाने आत भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. एक वाजत होता. त्या दिवशी जीपमध्ये पडून जाताना तिला रस्ता कळलाच नसणार. ती मनातल्या मनात मोजत राहिली, आणि मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"म्हंजी पाचच तास?"

मुलाणीसाहेब खाटेशेजारी जमिनीवर बसले. मग खाटेच्या कडेवर कपाळ टेकवून, ज्या माणसाने आयुष्यात कधी आकडा चुकीचा सांगितला नाही त्याच्याच आवाजात ते म्हणाले,

"मधी दोनदा थांबून, आपा."